रुसलेल्या मतदाराने काय करावे?

विरोधी पक्षावर रागावणे सोपे असते. त्याचे आणि आपले मुळातच जमत नाही. त्याने वाईट केले तर "आम्ही म्हणतच होतो" एवढे समाधान तरी पदरात पडते. पण ज्या पक्षाला वर्षानुवर्षे मते दिली, ज्याच्या सभांना उन्हातान्हात गेलो, ज्याच्यासाठी शेजाऱ्याशी हुज्जत घातली, त्याच पक्षाने दिलेला शब्द फिरवला म्हणजे माणसाची मोठी पंचाईत होते. सोडावा तर इतक्या वर्षांचा ऋणानुबंध. धरून राहावे तर मन खाते. अशा वेळी बहुतेक माणसे रुसतात. घरात रुसणे चालते, कारण समजूत घालावयास कोणीतरी येते. राजकारणात असे कोणी येत नाही. रुसलेला मतदार घरी बसतो आणि पक्षाचे गाडे त्याच्यावाचून पुढे चालू राहते.

अशा मतदाराने काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात. त्यामुळे पंडिती सिद्धांत मांडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु माणसांची नाराजी एकत्र कशी येते, वाया कशी जाते आणि कामास कशी येते, हे पाहण्यात आमचे आयुष्य गेले आहे. त्या अनुभवाच्या उजेडात जगातील काही हकीकती वाचकांपुढे ठेवाव्या, असा विचार आहे.

आधी नाराजीची जात ओळखावी

कारखान्यात कोणी तक्रार घेऊन आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "नक्की काय झाले?" पुष्कळदा उत्तर येते, "सगळेच बिघडले आहे." या उत्तराने काहीही हाती लागत नाही. पगार कमी पडला, मुकादम शिवीगाळ करतो, की कारखानाच तोट्यात आहे, यांपैकी काय ते कळल्यावाचून उपाय ठरत नाही. मतदाराच्या नाराजीचेही असेच तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार उमेदवाराविषयीचा. पक्ष बरा, धोरण बरे, पण आपल्या गळ्यात बांधलेला माणूस नालायक. दुसरा प्रकार धोरणाविषयीचा. माणूस चांगला असेल, पण पक्षाने एका मोठ्या प्रश्नावर आपल्याविरुद्ध निर्णय घेतला. तिसरा प्रकार सर्वांत अवघड. पक्षाने काही करण्याचा यत्न केला, पण बहुमत नव्हते, पैसा नव्हता, किंवा न्यायालयाने अडवले. या तिसऱ्या प्रकारात पक्षाला शिक्षा करणे म्हणजे पाऊस पडला नाही म्हणून बैलाला चाबूक मारण्यासारखे आहे. पहिल्या प्रकाराचा उपाय उमेदवारी ठरण्याच्या आधी करावयाचा असतो, दुसऱ्याचा निवडणुकीत. पक्षाला करता आले नाही की करावयाचेच नव्हते, हे तपासणे मतदाराचे पहिले काम आहे. आणि ते रागाच्या भरात होत नाही, कागद वाचून होते.

रेल्वे का सुधारली नाही?

आल्बर्ट हर्शमन नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होते. जन्म बर्लिनचा, १९१५ सालचा; नाझी सत्तेवर आले तेव्हा, १९३३ साली, त्यांना देश सोडावा लागला. त्यांनी नायजेरियात एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. तेथील रेल्वेचा कारभार गचाळ होता. पुढे रस्त्याने मालमोटारी धावू लागल्या आणि उत्तरेकडील भुईमूग शेकडो मैल लांबच्या बंदरांकडे मोटारींनी जाऊ लागला. स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारेल, असे कोणालाही वाटले असते. ती सुधारली नाही. ज्या व्यापाऱ्यांना दिरंगाई सहन होत नव्हती, ज्यांनी अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन आरडाओरडा केला असता, तेच आधी मोटारींकडे निघून गेले. मागे राहिले ते मुकाट्याने सोसणारे. सरकारी तिजोरी पाठीशी असल्याने गिऱ्हाईक गेल्याची झळ रेल्वेला लागत नव्हती, आणि ओरडणारा कोणी उरला नव्हता. मग सुधारावे कोणासाठी?

यावरून हर्शमन यांनी १९७० साली एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्याचे सार असे की, जी संस्था बिघडत चालली आहे तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात. एक, बाहेर पडणे; दुसरी, आत राहून आवाज उठवणे. या दोहोंच्या मध्ये निष्ठा उभी असते. निष्ठा माणसाला लगेच बाहेर पडू देत नाही, म्हणून आवाज उठवावयास वेळ मिळतो. पण बाहेर पडण्याचे दार कायमचेच बंद आहे असे दिसले, तर त्या आवाजाला कोणी विचारीत नाही.

हे आपल्या गावातही दिसते. नगरपालिकेच्या शाळेची कौले गळू लागली की ज्या पालकाला अर्ज लिहिता येतो, सभेत उभे राहता येते, तो आपले मूल खासगी शाळेत घालतो. शाळेत उरतात त्या मुलांचे आईबाप दिवसभर कामावर असतात. कौले गळतच राहतात. पक्षाचेही असेच होते. विचार करणारा, प्रश्न विचारणारा कार्यकर्ता रुसून घरी बसला की सभेत उरतात ते फक्त टाळ्या वाजवणारे. पक्ष आणखी बिघडतो आणि घरी बसलेला म्हणतो, "बघा, मी सोडला ते बरेच केले."

संप निराळा, खाडा निराळा

घरी बसलेला मतदार मनाशी समजतो की आपण पक्षाला धडा शिकवला. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हा संप नव्हे, हा खाडा आहे. संपात मागणी असते, नोटीस असते, सर्वजण एका दिवशी बाहेर पडतात आणि कशासाठी ते मालकाला ठाऊक असते. खाड्याची फक्त हजेरीबुकात नोंद होते. मालक म्हणतो, आजारी असेल. नाहीतर गावी गेला असेल.

मतदानाच्या यंत्रावर कारणाचा रकाना नसतो. शंभर माणसे मतदानास आली नाहीत, तर त्यांतील किती रुसलेली, किती परगावी गेलेली आणि किती आळशी, हे कोणालाही कळत नाही. जो तो पुढारी त्यातून आपल्याला सोयीचा अर्थ काढतो.

'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे ना, असे कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयानंतर ते आले, आणि नापसंती गुप्तपणे नोंदवता येऊ लागली, हा लाभ खरा आहे. त्यापूर्वी मत द्यावयाचे नाही असे केंद्रावर जाऊन सांगणाऱ्याची नोंद सर्वांदेखत होत असे. पण या बटणाची ताकद किती ते समजून घेतले पाहिजे. २०१९ साली लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात 'नोटा'ला २७ हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आले. २०२४ साली इंदूर लोकसभा मतदारसंघात एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर 'नोटा'ला २ लाख १८ हजारांहून अधिक मते पडली. दोन्हीकडे उमेदवार निवडून आलाच. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत ही मते निकाल फिरवू शकत नाहीत; अनामत रक्कम ठरवतानाही वैध मतांत धरली जात नाहीत. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक संस्थांपुरता मात्र निराळा आदेश काढला: तेथे 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावयाची. तेव्हा हे बटण खाड्यापेक्षा एक पायरी वर आहे, कारण त्याची मोजदाद होते. पण काय हवे ते त्यालाही सांगता येत नाही.

मतांचा साधा हिशेब येथे मांडून ठेवू. समजा, एका मतदारसंघात आपल्या पक्षाला ३२ हजार आणि दुसऱ्याला २८ हजार मते पडतात. आपल्या पक्षाचे ३ हजार मतदार घरी बसले, तर २९ विरुद्ध २८, पक्ष तरीही जिंकतो. तेच ३ हजार पलीकडे गेले, तर २९ विरुद्ध ३१, पक्ष हरतो. म्हणजे घरी बसलेल्या मताने एकाचा फरक पडतो, पलीकडे गेलेल्या मताने दोनाचा. पण पक्षाला ४५ हजार आणि दुसऱ्याला १५ हजार पडत असतील, तर हेच ३ हजार कोठेही गेले तरी काही होत नाही. अशा बालेकिल्ल्यात निवडणुकीच्या दिवशी धमकी देऊन उपयोग नसतो. तेथे पक्षाच्या आतच, उमेदवार ठरण्याच्या वेळी, जोर लावावा लागतो. कोणते हत्यार कोठे चालते हे ओळखल्यावाचून उगारू नये.

वेगळे घर बांधणारे: इंग्लंडचे कामगार

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बहुतेक संघटित कामगार लिबरल पक्षाला मत देत. काही कामगार पुढारी त्या पक्षाच्या तिकिटावर पार्लमेंटात जातही. पण तिकिटे वाटण्याचा अधिकार गावोगावच्या सुखवस्तू लिबरलांच्या हाती होता आणि खाणकामगाराला तिकीट देणे त्यांच्या जिवावर येई. १८८८ साली स्कॉटलंडमधील मिड-लानार्क येथे पोटनिवडणूक झाली. केर हार्डी या खाणकामगार पुढाऱ्याने लिबरल तिकीट मागितले. ते नाकारले गेले. हार्डी स्वतंत्र उभे राहिले आणि त्यांना मते पडली अवघी ६१७.

येथे हार्डी रुसले असते तर गोष्ट संपली असती. त्यांनी वेगळे घर बांधावयास घेतले. १८९२ साली ते लंडनच्या वेस्ट हॅम भागातून निवडून आले, १८९३ साली ब्रॅडफर्ड येथे स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, आणि १९०० सालच्या फेब्रुवारीत युनियनांनी व समाजवादी मंडळांनी मिळून कामगार प्रतिनिधी समिती उभी केली. पहिल्या निवडणुकीत समितीचे दोघेच निवडून आले. पुष्कळ युनियना अजून लिबरलांनाच धरून होत्या.

त्यांचे डोळे उघडले ते टॅफ व्हेलच्या खटल्याने. वेल्समधील या रेल्वे कंपनीत १९०० साली संप झाला. कंपनीने युनियनवर दावा लावला, आणि संपामुळे झालेले नुकसान युनियनने भरून द्यावे, असा अर्थ १९०१ साली लॉर्डांच्या सभागृहाने दिलेल्या निकालातून निघाला. युनियनला २३ हजार पौंड नुकसानभरपाई द्यावी लागली. म्हणजे संप करणे हा हक्क कागदावर राहिला. केला तर तिजोरी रिकामी. त्यानंतरच्या दोनच वर्षांत समितीशी जोडलेल्या सभासदांची संख्या दुपटीहून अधिक झाली.

पुढची पायरी शहाणपणाची होती. समितीचे चिटणीस रामसे मॅक्डोनल्ड आणि लिबरलांचे हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी १९०३ साली गुपचूप समझोता केला: काही जागी लिबरलांनी उमेदवार उभा करावयाचा नाही, म्हणजे मते फुटून तिसऱ्याचा लाभ होणार नाही. १९०६ च्या निवडणुकीत समितीचे २९ उमेदवार निवडून आले आणि त्यांनी मजूर पक्ष हे नाव घेतले. त्याच वर्षी टॅफ व्हेलचा निकाल निष्प्रभ करणारा कायदा संमत झाला. तो संमत करणारे सरकार लिबरलांचे होते! जुन्या पक्षाचे मन बदलले ते कामगारांची वर्षानुवर्षांची निष्ठा पाहून नव्हे, तर त्यांना जावयास दुसरे घर झाले हे पाहून. पण ६१७ मतांपासून २९ जागांपर्यंत यावयास १८ वर्षे लागली, हेही विसरता कामा नये. वेगळे घर बांधावयाचे तर वर्गणी, कचेरी आणि धीर, तिन्ही पाहिजेत.

घरातच ठाण मांडणारे: नॉर्थ डाकोटाचे शेतकरी

अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा हे गव्हाचे राज्य. तेथे रिपब्लिकन पक्षाचे असे वर्चस्व की दुसऱ्याला मत देणे म्हणजे पाण्यात टाकणे. शेतकऱ्यांची तक्रार वजनाची, धान्याची प्रत ठरवण्याची आणि बँकांच्या व्याजाची होती. धान्याची कोठारे, रेल्वे आणि पिठाच्या गिरण्या बाहेरच्या बड्या लोकांच्या हाती होत्या. राज्याने स्वतःचे धान्यकोठार बांधावे, असा कौल मतदारांनी दिला, तरी १९१५ साली विधिमंडळाने ती गोष्ट बाजूस सारली.

त्याच वर्षी आर्थर टाउनली या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याने 'नॉनपार्टिझन लीग' काढली. गावोगाव फिरून वर्गणीदार केले, स्वतःचे वर्तमानपत्र काढले. नवा पक्ष मात्र काढला नाही. त्या राज्यात पक्षाचा उमेदवार कोण असावा हे मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवीत. लीगने १९१६ च्या उन्हाळ्यात रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच आपली माणसे उभी केली. लिन फ्रेझर नावाचा साधा शेतकरी पक्षाचा उमेदवार ठरला आणि नोव्हेंबरात राज्यपाल झाला. १९१९ साली राज्याची स्वतःची बँक आणि पिठाची गिरणी यांचे कायदे झाले.

लीगच्या विरोधकांनीही स्वस्थ न बसता तेथील कायद्याचा आधार घेतला आणि १९२१ साली मतदारांच्या कौलानेच फ्रेझर यांना परत बोलावले. मुदतीपूर्वी अशा रीतीने पद गेलेले अमेरिकेतील ते पहिले राज्यपाल. दुसऱ्याच वर्षी त्याच राज्याने त्यांना सिनेटवर पाठवले! माणसे आली-गेली, लीगही ओसरली. पण ती बँक आणि ती गिरणी आज शंभर वर्षांनंतरही चालू आहेत.

आपल्याकडे अशी सोय नाही. उमेदवार पक्षाच्या सभासदांच्या मतानेच निवडला पाहिजे, असे आपल्याकडील कायदा सांगत नाही. तिकीट वरून येते. परंतु तिकीट वाटणाऱ्यालाही निवडून येण्याची चिंता असतेच. ज्या भागातून पाचशे सभासदांनी नावानिशी, वेळेवर, कारणे देऊन एखाद्या नावास विरोध केला आहे, तेथे ते नाव पुढे करताना तो दहादा विचार करील. आपण मात्र तिकीट जाहीर झाल्यावर चौकात चहा पिताना नाक मुरडतो. तोवर गाडी सुटलेली असते.

जाऊन परत येणारे: १९५७ चा महाराष्ट्र

तिसरी हकीकत आपल्या घरची आहे. स्वातंत्र्यानंतर मराठी माणूस मोठ्या संख्येने काँग्रेसचा मतदार होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली मुंबईसह मराठी राज्य देण्याचे नाकारले आणि काँग्रेसश्रेष्ठींनीही ते मान्य केले नाही. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्यांत कामगारांचा भरणा मोठा होता. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदुसभा, जनसंघ, अशी एरवी एका ओसरीवर न बसणारी मंडळी एका मागणीसाठी एकत्र आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले.

पक्षाच्या आत राहून बोलणारेही होते. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. काकासाहेब गाडगीळांनी लोकसभेत महाराष्ट्राची बाजू रोखठोक मांडली. पण केवळ आतल्या आवाजाने दिल्ली हलली नाही.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील बहुसंख्य जागा समितीने जिंकल्या. विदर्भ, मराठवाडा व गुजरातच्या जोरावर ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने राज्य राखले, पण मराठी मुलखाच्या काळजात तिचे पाय उखडले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडातून निसटत्या मतांनीच आले. द्विभाषिक टिकणार नाही हे यशवंतरावांनी ओळखले आणि दिल्लीला पटवले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. जे आत राहून सांगता येत नव्हते ते सांगण्याचे बळ आतल्या माणसाला मिळाले, ते बाहेर पडलेल्या मतदारांमुळे.

यानंतरची गोष्ट आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. काहींना ही मतदारांची धरसोड वाटली. आम्हांस तसे वाटत नाही. मतदारांनी पक्षाशी कायमचे वैर धरले नव्हते; त्यांनी एक मागणी केली होती, तिच्यासाठी मत काढून घेतले होते आणि ती मान्य झाल्यावर पुष्कळांनी ते परत दिले. करार झाल्यावर कामगार कामावर परततो, तसेच हे झाले.

तरी दोन उण्या बाजू सांगितल्या पाहिजेत. पुण्यात १९५७ साली पराभव झाला तो काकासाहेब गाडगीळांचाच, समितीतर्फे ना. ग. गोरे निवडून आले. लाट आली म्हणजे आपल्यासाठी भांडणारा आणि आपल्याला विसरणारा, दोघेही एकाच पाण्यात वाहून जातात. दुसरे असे की, एका मागणीवर बांधलेली मोट ती मागणी पुरी होताच सुटली. सीमाभागाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. त्यावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. मागणी पुरती पदरात पडण्यापूर्वी संघटना मोडली, म्हणजे उरलेले काम वारसदारावाचून राहते.

दार बंद असले तर

बाहेर पडण्याचे दारच कायद्याने बंद असले तर काय होते, हे मुंबईच्या गिरणी कामगारांनी पाहिले. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ अन्वये एका धंद्यात एकाच प्रातिनिधिक युनियनला वाटाघाटीचा अधिकार असे. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. तरी कायद्याच्या दृष्टीने बोलणी करण्याचा अधिकार जुन्याच युनियनकडे राहिला. १९८४ साली साऱ्या देशात काँग्रेसची लाट असताना मध्य मुंबईच्या दक्षिण भागातील मतदारांनी सामंतांना लोकसभेवर पाठवले. मत बुलंद होते. पण एक खासदार अडीच लाख नोकऱ्या परत आणू शकला नाही. मागे संघटित बळ आणि पुढे उघडे दार नसले तर जिंकलेले मतही एकटे पडते.

आजच्या मतदाराला आणखी एक अडचण आहे. १९८५ च्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तिच्यामुळे आमदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर त्याचे पद जाऊ शकते. तेव्हा "आमदारसाहेब, तुम्ही तरी विरोधात मत द्या" हे सांगणे बहुधा फुकट जाते. गाऱ्हाणे पक्षाच्या दारातच न्यावे लागते. शिवाय महाराष्ट्रात २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा मतदार जागच्या जागी उभा राहिला आणि पक्षच दोन दिशांना गेला. कोणता गट खरा हा वाद आम्हांस येथे सोडवावयाचा नाही. पण ज्याची निष्ठा केवळ चिन्हावर किंवा केवळ माणसावर होती, तो त्या वेळी अधिक गोंधळला. ज्याने आपल्याला काय हवे ते लिहून ठेवले होते, त्याला दोघांपुढेही तोच कागद धरता आला.

मागणीपत्राची रीत

मग करावे काय? युनियनमध्ये जी रीत आहे तीच येथे लागू पडते. मागणी एक किंवा दोन असाव्या, आणि पुरी झाली की नाही ते मोजता यावे. "कारभार सुधारा" ही मागणी नव्हे. "आमच्या प्रभागातील दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ डॉक्टर नेमा" ही मागणी होय. ती लेखी असावी, सह्यांची असावी आणि जाहीर असावी. अशा सहीने कोणाचे मत बांधले जात नाही; मत गुप्तच राहते. आणि सर्वांच्या भल्याची गोष्ट उघडपणे मागणे म्हणजे मताची विक्री नव्हे. पाकीट घेणे ही विक्री.

मग मुदत द्यावी, आणि ती उमेदवारी ठरण्यापूर्वीची असावी. उत्तर आले तर वाटाघाट करावी. नाही आले तर पुढे काय करणार ते आधी सांगावे. स्थानिक निवडणुकीत किंवा पोटनिवडणुकीत पाऊल उचलले तर इशारा पोहोचतो आणि सारे राज्य पणास लागत नाही. आपल्यासाठी पक्षात भांडणारा कोण आहे त्याचे नाव लक्षात ठेवावे, आणि लाटेतही त्याला वेगळे काढावे. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: परतीची वाट मोकळी ठेवावी. मागणी मान्य झाली तरी मी येणार नाही असे जो सांगतो, त्याची मागणी मान्य करण्याचे पक्षाला काही कारण उरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे: "आम्ही आमच्या पक्षाला पाडले, तर येणारा याहून वाईट असेल." संपातही पहिला चिमटा कामगाराच्याच पोटाला बसतो, म्हणून शहाणी युनियन ऊठसूट संप पुकारीत नाही. ज्याला हे नुकसान परवडणारे नाही त्याने मन घट्ट करून आपल्याच पक्षाला मत द्यावे. त्यात कमीपणा नाही. पण मग दुसऱ्या दिवसापासून गप्प बसू नये. मत देऊन पुढची पाच वर्षे मुकाट राहणारा आणि घरी बसणारा, या दोघांत पुढाऱ्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. एकाला त्याने गृहीत धरलेले असते, दुसऱ्याला सोडून दिलेले असते.

पक्ष ही वाईट गोष्ट नाही. एकट्या माणसाचा आवाज चावडीच्या पलीकडे जात नाही. तो दिल्लीपर्यंत पोहोचवावयास पक्षच लागतो. आज पुष्कळ प्रामाणिक माणसे "सगळे सारखेच" म्हणून राजकारणातून उठून चालली आहेत. ती गेली तर पक्ष बंद पडणार नाहीत. ती गेली म्हणजे पक्षांना विचारणारा कोणी उरणार नाही, एवढेच होईल. रुसवा मनात ठेवून त्याचे ओझे होते. तो कागदावर उतरला, त्याखाली शेजाऱ्यांच्या सह्या पडल्या आणि तो वेळेवर पक्षाच्या कचेरीत पोहोचला, म्हणजे त्याचे मागणीपत्र होते. हे काम निवडणुकीच्या आदल्या महिन्यात करावयाचे नसते. ते आजच सुरू करता येते, आणि त्याला एक कोरा कागद व चार शेजारी एवढेच भांडवल लागते.